वैज्ञानिक स्त्रीचे नाव पुरस्कारासाठी कसे सुचवावे

इंदूरमधील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी आणि होळकर विज्ञान महाविद्यालय यांसारख्या संस्थांत काम करणाऱ्या स्त्रिया पुरस्कारांच्या यादीत क्वचित दिसत असतील, तर माझ्या मते त्याचे मुख्य कारण एवढेच, की त्यांचे नाव वेळेवर आणि नीट लिहून कोणी पाठवत नाही.

आधी पुरस्काराचे नियम वाचावेत. १९९८ मध्ये सुरू झालेला लॉरियाल-युनेस्को हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार दरवर्षी जगाच्या पाच विभागांतील पाच वैज्ञानिक स्त्रियांना दिला जातो आणि त्यासाठी स्वतःचे नाव स्वतः पाठवता येत नाही. शिवाय एका वर्षी जीवविज्ञान, तर पुढच्या वर्षी भौतिक विज्ञाने व गणित असा क्रम असल्याने विषयाचे वर्ष पाहूनच तयारीला लागावे. भारत सरकारचा तरुण वैज्ञानिकांसाठीचा ‘विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर’ पुरस्कार केवळ स्त्रियांसाठी नसला, तरी स्त्रियांनी तो टाळू नये. मात्र त्याला ४५ वर्षांची वयोमर्यादा आहे.

खरी कसोटी शिफारसपत्राची. अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ३००हून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांची पत्रे तुलनेने आखूड आणि संशोधनापेक्षा कष्टाळूपणावर भर देणारी आढळली. आपल्याकडेही ‘मॅडम मनमिळाऊ असून घर सांभाळून संशोधन करतात’ असे वाक्य कौतुकानेच लिहिले जाते, पण निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी काय शोधले, त्याने काय बदलले आणि त्यात त्यांचा स्वतःचा वाटा किती, हे सांगावे. इंदूरलाच जन्मलेल्या जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांच्याविषयी ‘वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते आणि ते ऑक्सिडीकरणात भाग घेते, हे त्यांनी दाखवले, त्याच कामावर १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली’ एवढे लिहिले तरी पुढे विशेषणांची गरज उरत नाही.

अनेक लेखकांच्या शोधनिबंधात कल्पना, प्रयोग आणि विश्लेषण यांपैकी काय कोणाचे, हे संबंधित स्त्रीला विचारूनच लिहावे; संकोचाने त्या स्वतःचा वाटा कमी सांगतील, म्हणून प्रयोगवही समोर ठेवून बोललेले बरे. अभियांत्रिकीत पेटंट आणि प्रत्यक्ष वापरात आलेले उपकरण यांना शोधनिबंधाइतकेच ठळक स्थान द्यावे. एक पत्र तरी संस्थेबाहेरच्या तज्ज्ञाचे असावे.

संस्थाप्रमुखांची सही शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. निवड झाली नाही, तर तीच फाइल नव्या कामाची भर घालून पुढच्या फेरीला पाठवावी.