इराणी चित्र-गालिचा वाचायचा कसा? आधी हात बघा

काशान, तब्रिझ, किरमान इकडचे माणसं-घोडे-झाडं विणलेले गालिचे, बरेचसे इराणच्या काजार राजघराण्याच्या काळातले म्हणजे 19व्या शतकाच्या शेवटचे नाहीतर 20व्याच्या सुरुवातीचे, म्युझियममध्ये किंवा फोटोत दिसले की लोक "काय रंग आहेत!" म्हणतात आणि पुढे जातात. प्लीज असं करू नका. त्यात अख्खी गोष्ट असते आणि फारसी येत नसली तरी बरीचशी वाचता येते.

पहिलं काम, हात बघायचे. गाठी मारून चेहरा विणायचा म्हटलं की डोळ्यातले भाव फारसे येत नाहीत, मग गोष्ट सांगायचं काम हातांवर येतं. राजपुत्र खुसरो आणि शिरीनच्या प्रेमकथेचंच घ्या. एक बाई पाण्यात अंघोळ करतेय, कमरेला कापड गुंडाळलंय, बाजूला काळा घोडा, आणि लांबून एक घोडेस्वार बघतोय, त्याचं एक बोट ओठावर. आपण तोंडात बोट घालणं म्हणतो ना, अगदी तेच, फारसीतही आश्चर्याला हाच वाक्प्रचार आहे. 12व्या शतकात निजामी या फारसी कवीने ही गोष्ट लिहिली, त्यात शिरीन नुसतं खुसरोचं चित्र बघून प्रेमात पडते आणि शबदीझ घोड्यावरून त्याच्याकडे निघते, तोही तिच्याकडेच निघालेला असतो, वाटेत इथे दोघं समोरासमोर येतात, एकमेकांना ओळखत नाहीत आणि आपापल्या वाटेने निघून जातात! हे कळल्यावर त्या ओठावरच्या बोटाकडे बघून जीव खरंच कळवळतो.

म्हणून कुठल्याही चित्राला दोन प्रश्न विचारा, याच्या आधी काय झालं आणि आता काय होणार.

माणसं ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. बरगड्या दिसणारा उघडा माणूस आणि भोवती हरणं, सिंह शांत बसलेत, तो मजनू. घोडा आणि वर बसलेली बाई दोघांना खांद्यावर उचलून चाललेला फरहाद. खांद्यातून साप निघालेत तो जह्हाक, शाहनामा या इराणी महाकाव्यातला दुष्ट राजा. दोन टोकांची दाढी आणि डोक्यावर राक्षसाच्या मुंडक्याचं शिरस्त्राण असेल तर त्याच महाकाव्यातला वीर रुस्तम, आणि त्याच्यासमोर जखमी तरुण पडला असेल तर तो सोहराब, त्याचाच मुलगा. अशा वेळी सोहराबच्या दंडावर बाजूबंद दिसतो का बघा, त्यावरूनच बापाला कळतं, आणि तोवर वार होऊन गेलेला असतो.

झाडांमध्ये उंच निमुळतं दिसतं त्या झाडाला फारसीत 'सर्व' म्हणतात (इंग्रजीत सायप्रस), आपला सुरू हा शब्द तिथूनच आलाय (कोकणात किनाऱ्यावर आपण सुरू म्हणतो ते झाड मात्र वेगळं). सदाहरित, सरळ, म्हणून फारसी कवितेत प्रेयसीची उपमा. पण प्रत्येक मोराला आणि प्रत्येक फुलाला अर्थ चिकटवत बसू नका, बऱ्याचदा ते जागा भरायलाही असतात.

आता काठ. तिथल्या चौकटींत कधी कवितेच्या ओळी, कधी पात्रांची नावं, कधी विणवून घेणाऱ्याचं नाव असतं. अक्षरं उलटी वाटली तर फोटो आरशासारखा फिरवून बघा, लिहिता-वाचता न येणारा विणकर नमुना बघून विणत असेल तर असं होतं. चार आकडे सापडले तर ते डावीकडून उजवीकडेच वाचायचे आणि ते बहुधा हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र साल असतं. त्यातून 3 टक्के वजा करा, 622 मिळवा. 1327 असेल तर 1327 वजा 40 म्हणजे 1287, अधिक 622, आलं 1909. फक्त 1925 नंतर इराणात सौर हिजरी साल आलं, त्यात नुसते 621 मिळवायचे, म्हणजे तेच 1327 होतं 1948! त्यामुळे आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, कपडे आणि रंगही बघा.

आणि एक, 19व्या शतकात मुंबईच्या शिळाछापखान्यांत सचित्र शाहनामे छापले जायचे आणि इराणात विकले जायचे. गालिच्यांचे नमुने काढणारे अशा छापील चित्रांवरून आकृत्या उचलायचे, त्यामुळे एखादा राजा पुस्तकातून उठून आल्यासारखा ताठ, काळ्या रेघांनी बांधलेला दिसला तर तसं जुनं पान शोधून शेजारी ठेवून बघा.