पाळीव सापाला किती वेळा हातात घ्यावे? बॉल पायथन सांभाळणाऱ्यांसाठी

पाळीव सापाला रोज हातात घेतले नाही तर तो एकटा पडतो, चिडका होतो किंवा मालकाला विसरतो, असे सल्ले देणारे लोक सापाकडे कुत्र्याच्या हिशेबाने पाहत असतात. बॉल पायथनला वर्षभर कोणी हात लावला नाही म्हणून तो आजारी पडत नाही; तो राहतो त्या पेटीतील तापमान सतत चुकत राहिले तर मात्र पडू शकतो. हाताळणीचे खरे उपयोग दोनच आहेत. सापाचे अंग जवळून तपासता येते, आणि पशुवैद्याकडे नेण्याची किंवा पेटी धुण्याची वेळ येते तेव्हा तो उचलला जाण्याला सरावलेला असतो. एवढ्यासाठी आठवड्यातून एकदा-दोनदा, प्रत्येक वेळी दहा ते वीस मिनिटे पुरेशी आहेत. त्याहून अधिक हाताळणी पाळणाऱ्याच्या हौसेखातर असते, आणि साप नियमित खात असेल तर त्या हौसेलाही माझी हरकत नाही.

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील लहान अजगर. पूर्ण वाढलेला साप साधारण तीन ते पाच फुटांचा असतो, मादी नराहून मोठी होते आणि नीट सांभाळल्यास तो वीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील साठी ओलांडलेल्या मादीने 2020 साली अंडी घातली होती, तेव्हा साप आणण्यापूर्वी आपल्या वयाचाही विचार करावा. मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे हा साप रॉयल पायथन या नावाने दुकानात मिळतो आणि त्याला परवाना लागत नाही. भारतातील वाचकांची गोष्ट वेगळी आहे. धामण, मांडूळ, अजगर असे देशी साप घरी ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी 2022 ची कायदा-दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. ती नोंद नसेल तर पुढचे वाचण्याआधी ते काम उरकावे.

रोज: पाहावे, हात लावू नये

पाणी बदलावे, विष्ठा दिसल्यास काढावी, उबदार बाजूला 31 ते 33 अंश आणि थंड बाजूला 25 ते 27 अंश सेल्सियस तापमान आहे याची खात्री करावी, आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास ठेवावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते एकही दिवस चुकवू नये. साप रोज कोठे बसतो हेही लक्षात ठेवावे. जो एरवी लपणाच्या जागेतून हलत नाही तो दिवसभर पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला, तर उष्णता वाढली आहे, आर्द्रता घटली आहे किंवा अंगावर गोचिडीसारखे बारीक कीटक झाले आहेत, असे समजून शोध घ्यावा.

नवा साप: आधी जेवण, मग ओळख

घरी आणल्यावर किमान आठवडाभर त्याला मुळीच उचलू नये, आणि सलग दोन-तीन जेवणे त्याने खळखळ न करता घेतल्याखेरीज नियमित हाताळणी सुरू करू नये. शेजारीपाजारी साप पाहायला येतील. त्यांना काचेतून पाहू द्यावे.

वार नव्हे, कॅलेंडर पाहावे

दर बुधवारी आणि रविवारी हाताळायचे असे ठरवून चालत नाही, कारण सापाचे वेळापत्रक जेवण आणि कात यांवर चालते. पिल्लांना साधारण आठवड्याने आणि मोठ्यांना दोन ते चार आठवड्यांनी जेवण द्यावे लागते. जेवणानंतर निदान 48 तास, आणि भक्ष्य मोठे असेल तर त्याहूनही एक दिवस अधिक, सापाला हात लावू नये. पोटात अख्खा उंदीर असताना उचलले तर साप तो ओकून टाकू शकतो. ही गोष्ट केवळ किळसवाणी नसते, तर सापाच्या अन्ननलिकेला इजा करणारी असते, आणि त्यानंतर दोन आठवडे तरी त्याला पुन्हा खाऊ घालता येत नाही.

कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळसर होतात, मग पुन्हा स्वच्छ दिसू लागतात आणि त्यानंतर काही दिवसांनी कात उतरते. अनेकांना वाटते की डोळे निवळले म्हणजे झाले. तसे नाही, कात पूर्ण उतरून पेटीत पडलेली दिसेपर्यंत थांबावे. या काळात त्याला अंधुक दिसते, कातडी नाजूक असते आणि एरवी गरीब असलेला सापही फुत्कारतो.

पेटीतून बाहेर काढणे

अडचणीचा टप्पा हा आहे. हातात आल्यावर बॉल पायथन सहसा काहीच करत नाही. जे काही बिघडते ते पेटी उघडल्यापासून साप तळहातावर येईपर्यंतच्या मोजक्या सेकंदांत बिघडते. सुरुवातीच्या काळात मला याच सेकंदांनी सर्वाधिक छळले, कारण वाचायला मिळणाऱ्या सूचनांत ‘आत्मविश्वासाने उचला’ यापलीकडे काही नसे. हात कोणत्या बाजूने न्यावा, केव्हा न्यावा आणि त्या क्षणी साप काय समजून बसलेला असतो, हे कोणी सांगत नसे.

बॉल पायथनच्या वरच्या ओठावर लहान खळग्यांची रांग असते आणि त्यांतून त्याला उष्णता जाणवते. अर्धवट अंधारात आत येणारा माणसाचा हात त्याच्या दृष्टीने एक उबदार, हलणारी वस्तू असते. पेटी उघडली की उंदीर येतो हे तो शिकलेला असेल, तर हातावर झडप घालणे हे त्याच्या बाजूने अगदी तर्कशुद्ध आहे. म्हणून हात घालण्यापूर्वी पेटीसमोर क्षणभर थांबून सापाचे निरीक्षण करावे. डोके लपणाच्या बाहेर, मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली आणि नजर तुमच्यावर रोखलेली, असे दिसले तर तो भुकेला आहे. डोके वेटोळ्यात खोल ओढून घेतलेले, श्वास जोरात चाललेला आणि अधूनमधून फुत्कार, असे असेल तर तो घाबरला आहे. या दोन अवस्थांना एकच उपाय चालत नाही.

भुकेल्या सापाला आधी कळवावे लागते की आज जेवण नाही. त्यासाठी सापाचा हुक (टोकाला वाकवलेली दांडी), किंवा तो नसेल तर किचन रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी, घेऊन त्याच्या अंगाच्या मध्यभागी हलकेच टेकवावी आणि तशीच काही क्षण धरून ठेवावी. आधी अंग किंचित आक्रसते. मग जीभ भराभर आत-बाहेर होऊ लागते, मानेचे वळण सैल पडते आणि डोके खाली येते. जीभ अशी चालू झाली की समजावे, आता तो शिकार करत नसून चौकशी करत आहे. हात घालायचा तो तेव्हाच. जेवणाच्या दिवशी हा स्पर्श कधीही करू नये, म्हणजे काही आठवड्यांतच स्पर्श झाला की हाताळणी आणि झाला नाही की उंदीर, हा फरक त्याला पक्का समजतो.

घाबरलेल्या सापाच्या बाबतीत हात आत जाण्यापूर्वीच पेटी बंद करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. मात्र एकदा स्पर्श केला की माघार घेऊ नये. अर्ध्या वाटेवरून झटकन मागे जाणारा हात झडपेला आमंत्रण देतो, शिवाय फुत्कारले की माणूस पळतो हा धडाही सापाला मिळतो. अशा वेळी संथपणे उचलावे, मिनिटभर धरावे आणि तो शांत असतानाच परत ठेवावे.

हात नेहमी बाजूने आणि खालच्या पातळीवरून न्यावा, कारण वरून येणारी गोष्ट म्हणजे शिकारी पक्षी, ही समजूत सापाच्या अंगात मुरलेली असते. वरून उघडणाऱ्या पेट्यांपेक्षा समोरून उघडणाऱ्या पेट्या मी याच कारणासाठी पसंत करतो, मग त्या महाग का पडेनात. साप लपणात असेल तर आधी लपण उचलून बाजूला ठेवावे. आतून ओढून काढायला गेल्यास तो अंग आतल्या बाजूंना घट्ट रोवतो आणि त्या ओढाताणीत फासळ्यांना इजा होऊ शकते. एक हात शरीराच्या पुढच्या एक तृतीयांश भागाखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि दोन्ही एकाच वेळी वर. शेपटी धरून लोंबकळत उचलण्याची पद्धत आपल्याकडे सर्पमित्रांचे व्हिडिओ पाहून पसरली आहे. विषारी साप स्वतःच्या अंगापासून दूर ठेवत पिशवीत भरायचा असतो तेव्हा तिला काही अर्थ असेल. जड अंगाच्या अजगराच्या मणक्यावर मात्र तिचा नाहक ताण पडतो.

आणखी दोन सल्ले सर्रास दिले जातात आणि मला ते दोन्ही अमान्य आहेत. जाड चामड्याचे हातमोजे घातले की सापाच्या स्नायूंची हालचाल बोटांना कळत नाही आणि आपण नकळत अधिक दाबतो. साप हाताला खाऊ समजू नये म्हणून त्याला वेगळ्या डब्यात नेऊन जेवण द्यावे, हा सल्ला तर याहून वाईट आहे, कारण जेवून नुकताच उत्तेजित झालेला साप हाताने उचलून परत पेटीत ठेवण्याची वेळ त्यामुळेच येते. चावण्याचा आणि ओकण्याचा धोका असा दोन्हीकडून वाढतो. जेवण पेटीतच, लांब चिमट्याने द्यावे.

हातांना उंदराचा किंवा घरातील मांजराचा वास असता कामा नये. साध्या, बिनसुगंधी साबणाने धुऊनच पेटी उघडावी. तरीही चावला, तर घाबरून चावलेला साप लगेच सोडतो. खाऊ समजून चावलेला मात्र धरून ठेवतो आणि हाताभोवती वेटोळेही घालतो. त्याचे दात आत वळलेले असतात, म्हणून हात ओढल्यास आपली कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. तोंडाच्या कडेवर नळाचे थंड पाणी सोडले की तो पकड सैल करतो. साप बिनविषारी आहे. जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे.

हातात असताना

आधार द्यावा, आवळू नये, डोक्याला हात लावू नये.

याच वेळी तपासणीही करावी: तोंडाशी किंवा नाकपुड्यांशी बुडबुडे, श्वासाला घरघर, पोटाखाली लालसर खवले, डोळ्यांवर किंवा शेपटीच्या टोकाला अडकलेली कात, खवल्यांच्या फटींत हलणारे काळे ठिपके. यांपैकी काहीही आढळल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे. महिन्यातून एकदा, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून, स्वयंपाकघरातील असतो तशाच पण सापासाठी वेगळ्या ठेवलेल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहावे. परत ठेवल्यावर हात पुन्हा धुवावेत, कारण निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती साप देऊ नये.

साप जेवत नसेल तेव्हा

मोठे बॉल पायथन, विशेषतः हिवाळ्यात, महिनोन्‌महिने उपास करतात. अशा वेळी लाडाने अधिक वेळा उचलून घेणारे लोक त्याच्यावरील ताण वाढवतात आणि उपास लांबवतात. वजनापुरतेच उचलावे, बाकी हाताळणी थांबवावी आणि तापमान पुन्हा तपासावे. वजन एक दशांशाहून अधिक घटले तर पशुवैद्य गाठावा. पिल्लू खात नसेल तर इतकी वाट पाहू नये.

गावाला जाताना

आम्हां परदेशस्थांना महिना-महिना भारतात जायचे असते. मोठ्या सापाला निघण्याच्या चार-पाच दिवस आधी जेवण द्यावे आणि कोणाला तरी दिवसाआड येऊन पाणी बदलायला, थर्मोस्टॅटवरील आकडा पाहून कळवायला सांगावे. पेटीला कुलूप लावून किल्ली त्याच्याजवळ द्यावी, पण साप उचलू नये असे बजावावे. परतल्यावर आधी वहीत वजनाची नोंद करावी, मग जेवण द्यावे, आणि त्यानंतरचे 48 तास सरले की आठवड्याचा जुना क्रम पुन्हा सुरू करावा. एवढ्या खंडाने बॉल पायथन रानटी होत नाही.