पेनड्राइव्हवरनं लिनक्स चालवायचंय? घरातनं निघायच्या आधी एवढं तयार ठेवा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण आपल्या सोलापुरात अजून तेच चालू असलेले पीसी बघायला मिळतात, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बिलिंगला म्हणा किंवा पूर्व भागात घरी पोरांच्या अभ्यासाला म्हणा. मशीन भंगारात घालायच्या आधी पेनड्राइव्हवरनं लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) लावून बघा की ओ, हार्डडिस्कला हात लागत नाही. फक्त तयारी घरीच करा, ज्याच्या मशीनवर लावायचंय त्याच्याकडं नेट असेलच असं नाही.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, यूएसबी ३ चा घ्या. नव्या पेठेतनं घ्या नाहीतर ऑनलाइन, आल्या आल्या पूर्ण भरून बघा, वर ६४ लिहिलेलं आणि आत ८ असा माल पण येतो. जुन्या लॅपटॉपची एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून वापरलीत तर अजून भारी, साध्या पेनड्राइव्हवर ब्राउझर उघडायलाच वेळ जातो.

मिंट आणि उबंटू हे लिनक्सचेच प्रकार. मिंटची आयएसओ (अख्खी सिस्टिम असलेली डाउनलोडची फाइल) ३ जीबीच्या आसपास असते, उबंटूची त्याच्या दुप्पट, रात्री लावून ठेवा आणि झाल्यावर चेकसम (फाइल पूर्ण उतरली का ते तपासायचा कोड, साइटवर दिलेला असतो) जुळतोय का बघा, अर्धवट फाइल असली तर बूट होताना, म्हणजे सिस्टिम चालू होताना, कुठंही अडकतं. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रूफस नावाच्या सॉफ्टवेअरनं आयएसओ पेनड्राइव्हवर लिहा, नाहीतर व्हेंटॉय टाका आणि मग आयएसओ त्यात कॉपी करा. दोन्हीत पेनड्राइव्ह पुसला जातो, आत लग्नाचे फोटो वगैरे असतील तर आधी काढून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पर्सिस्टन्स, म्हणजे केलेलं काम पेनड्राइव्हवर टिकणं. साधा लाइव्ह मोड (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरनंच चालवणं) रिस्टार्ट केला की सगळं विसरतो, वायफायचा पासवर्ड, मराठी कीबोर्ड, सेव्ह केलेली फाइल, सगळं. रूफसमध्ये उबंटूची आयएसओ निवडली की पर्सिस्टंट पार्टिशनची (काम साठवायच्या वेगळ्या भागाची) पट्टी दिसते, ती ओढून ८-१० जीबी द्या, मग केलेलं काम टिकतं. मराठी टायपिंगसाठी आयबसचं (लिनक्समधलं कीबोर्ड बदलायचं साधन) एम१७एन पॅकेज घरीच टाकून ठेवा. पूर्ण सिस्टिम अपग्रेड मात्र या पेनड्राइव्हवर मारू नका, जागा भरते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) तसाही जुनाच राहतो. आणि यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर लिहिता लिहिता लाइट गेली तर पेनड्राइव्हवरचा तो साठवणीचा भाग खराब होऊ शकतो, म्हणून कामाची फाइल दुसरीकडं पण ठेवा.

मशीन पेनड्राइव्हवरनं चालू करायला बूट मेनू लागतो, चालू करताना त्यासाठी डेल, लेनोवो, एसरला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप दाबून एफ९. एसरमध्ये एफ१२ चालत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं. सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी बायोसमधली सेटिंग) हात लावायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू आहे का बघा, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मालकाकडनं लिहून घ्या, नाहीतर विंडोज उघडताना तीच मागून बसेल आणि तिथं सगळेच अडकतील. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करायचं, म्हणजे ते खरंच बंद होतं, नाहीतर लिनक्समधनं डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

मोबाइलची डेटा केबल खिशात हवीच. काही जुन्या लॅपटॉपचं वायफाय लिनक्समध्ये लगेच दिसत नाही, तेव्हा फोनवरनं यूएसबी टेदरिंग केलं (केबलनं फोनचं नेट मशीनला दिलं) की काम भागतं.

परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागं दिसलं तर घाबरू नका, मशीन बिघडलेलं नसतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. सेटिंगमध्ये जाऊन वेळ सिंक करा आणि मगच बिलं काढायला बसा.

आणि लिनक्सच्या डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं आयकॉन असतं, त्याला क्लिक करायचं नाही हे मशीनवाल्याला आधीच सांगून ठेवा, डिस्क पुसली जायचा रस्ता तिथनंच सुरू होतो.