‘एक्लेसिया’ या लॅटिन शब्दाचा माग कसा काढावा

पुण्यात ‘चर्च’ म्हटले की क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च आठवते; पण ‘एक्लेसिया’चा, म्हणजे चर्चसाठीच्या लॅटिन शब्दाचा, माग काढणाऱ्याने ‘चर्च’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा, कारण त्याचे मूळ ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या वेगळ्याच ग्रीक शब्दात आहे.

सुरुवात ग्रीक ‘एक्क्लेसिया’पासून करावी. ‘एक्’ म्हणजे बाहेर आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. अथेन्समध्ये ही नागरिकांची सभा होती, तिचा देवाधर्माशी खास संबंध नव्हता. ख्रिस्ती मंडळींनी तो शब्द घेतला, लॅटिनने तो तसाच उचलला आणि पुढे मंडळीचे नाव इमारतीलाही चिकटले.

व्याकरणासाठी शाळेतल्या संस्कृतमधली ‘माला’ पुरेशी आहे. ‘एक्लेसिया’ आकारान्त स्त्रीलिंगी आहे; ‘मालाम्’ तसे द्वितीयेचे ‘एक्लेसिआम्’, षष्ठीचे ‘एक्लेसिए’. षष्ठीच्या अनेकवचनातील ‘एक्लेसिआरुम्’ मात्र ‘मालानाम्’शी जुळत नाही, तर ‘तासाम्’ या सर्वनामाच्या रूपाशी नाते सांगते; मला हा या शब्दातला सर्वांत गोड भाग वाटतो.

वंशज शोधताना इटालियन ‘किएझा’, फ्रेंच ‘एग्लीझ’, स्पॅनिश ‘इग्लेसिया’ आणि पोर्तुगीज ‘इग्रेजा’ एका ओळीत मांडावेत आणि ‘क्ल’चे काय झाले ते पाहावे: स्पॅनिशमध्ये ‘ग्ल’, पोर्तुगीजमध्ये ‘ग्र’. हा ‘ग्र’ ध्यानात ठेवला की गोव्याच्या कोंकणीतील ‘इगर्ज’ कोणत्या वाटेने आली, हे वेगळे सांगावे लागत नाही. रुमानियन ‘बिसेरिका’ या यादीत घालू नये. ती ‘बासिलिका’ या दुसऱ्याच लॅटिन शब्दाची लेक आहे.