पुण्याच्या पेठांची नावं उलगडताना या चुका टाळा

रास्ता पेठेचं नाव रस्त्यावरून पडलं, असं पुण्यात जन्म गेलेली माणसंही सांगतात. रस्त्याचा इथे काहीएक संबंध नाही. ही पेठ सरदार रास्त्यांची. त्यांचं मूळ आडनाव गोखले आणि नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. रास्ते वाडाही याच पेठेत आहे. पेठेचं आधीचं नाव होतं शिवपुरी. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो: नावात ओळखीचा शब्द दिसला की शोध थांबतो. त्याआधी त्या भागातली जुनी घराणी, वाडे आणि देवळं बघा.

दुसरी चूक नावांची रांग लावण्याची. सदाशिव, नारायण, भवानी ही सगळी देवांचीच नावं वाटतात. पण सदाशिव पेठ ही पानिपतावर 1761 मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची, तर नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या. भवानी पेठेला मात्र खरोखरच भवानीमातेच्या देवळावरून नाव मिळालं. एका पेठेचा नियम शेजारच्या पेठेला लागू होईलच असं नाही.

नाना पेठ नानासाहेब पेशव्यांची समजू नका. ती नाना फडणवीसांच्या नावाची; पूर्वी तिला हनुमान पेठ म्हणत.

वारांच्या पेठांबाबत आठवडी बाजाराचं उत्तर लगेच ओठांवर येतं. ते देण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की या वस्त्यांची आधीची नावं वेगळीच होती. रविवार पेठ मलकापूर होती, शुक्रवार विसापूर, बुधवार मोहियाबाद, शनिवार मुर्तझाबाद. गुरुवार पेठेला वेताळाच्या देवळामुळे वेताळ पेठ म्हणत. ही जोडी मनात पक्की असली, की महात्मा फुल्यांच्या शाळांविषयी वाचताना 'वेताळ पेठ' आल्यावर अडायला होत नाही. नाहीतर माणूस आजच्या नकाशावर ती शोधत बसतो. फुल्यांचा वाडा असलेली गंज पेठ तशीच. तिचं आजचं नाव महात्मा फुले पेठ. म्हणून जुन्या कागदातलं नाव सापडेना, तर पेठ नाहीशी झाली असं धरून चालू नका. आधी कागदाचं साल बघा, मग त्या काळचं नाव लावून पाहा.