गहाणखतातला ‘इंटरेस्ट’

बी.ए. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते रावपुऱ्यातल्या एका वकिलांच्या कचेरीत. तेव्हा बडोद्याचं कोर्ट न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीतच भरायचं. काम टायपिंगचं होतं. पण घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची आणि कॉलेजात इंग्रजी विषय, त्यामुळे थोड्याच महिन्यांत दस्तऐवजांचे अनुवादही माझ्याकडे येऊ लागले. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं अशीच तीन भाषा घेऊन वाढतात. बोलताना ती कुठेच अडत नाहीत, पण अनुवादाच्या किंवा बँकेच्या कामाला बसली की एखादा अगदी ओळखीचा इंग्रजी शब्द त्यांना अडवतो. मला अडवलं ‘इंटरेस्ट’ने. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी तो किस्सा आणि त्यानंतर मी या शब्दाबद्दल जे जमवलं ते इथे लिहिते आहे.

बडोद्याच्या वाडी भागात राहणाऱ्या एक आजी कचेरीत आल्या होत्या. मुलाला दुकानासाठी कर्ज हवं होतं, घर आजींच्या नावावर, म्हणून गहाणखतावर सही त्यांची लागणार होती. मसुदा इंग्रजीत होता. आजी म्हणाल्या, “मला मराठीत लिहून दे गं, मी वाचून मगच सही करीन.” मी लिहायला बसले. गहाणाची व्याख्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये आहे, आणि मसुद्यात तेच शब्द उचललेले होते: ‘ट्रान्स्फर ऑफ ॲन इंटरेस्ट इन स्पेसिफिक इमूव्हेबल प्रॉपर्टी’. मी लिहिलं, ‘ठरावीक स्थावर मिळकतीतील व्याजाचे हस्तांतरण’. कर्जाचा कागद आहे, म्हणजे इंटरेस्ट हे व्याजच असणार, असं मी धरून चालले होते.

आजींनी चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, “म्हणजे व्याज तेवढं द्यायचं. घराला काही नाही ना?”

मी म्हणाले, “नाही आजी.”

वकीलसाहेब आतल्या खोलीत होते. ते उठून बाहेर आले, माझ्या हातातला कागद घेतला आणि आजींसमोर खुर्ची ओढून बसले. “आजी, हिने लिहिलंय ते चूक आहे. तुम्ही घरातला तुमच्या हक्काचा एक भाग बँकेच्या हाती देताय. कर्ज फिटलं की तो परत तुमचा. नाही फिटलं, तर घर विकून पैसे वसूल करता येतील. हे समजून घ्या आणि मग ठरवा.”

आजींनी त्या दिवशी सही केली नाही. चार दिवसांनी मुलाला बरोबर घेऊन आल्या, त्याला समोर बसवून हप्ते कसे फेडणार ते विचारलं, आणि मग सही केली. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. मला मात्र पुढे कितीतरी दिवस झोप नीट लागली नाही. माझ्या एका ‘नाही’वर विश्वास ठेवून त्या राहतं घर लिहून देणार होत्या.

साहेबांनी संध्याकाळी मला एकच प्रश्न विचारला: “तिथे ‘ऑन’ होतं की ‘इन’?”

सगळं त्या प्रश्नात होतं. व्याज हे नेहमी कशावर तरी असतं. आपण मराठीत ‘कर्जावर व्याज’, ‘ठेवीवर व्याज’ म्हणतो, इंग्रजीतही ‘इंटरेस्ट ऑन द लोन’, ‘इंटरेस्ट ऑन द डिपॉझिट’. आवड कशात तरी असते: ‘संगीतात रस’, ‘इंटरेस्ट इन म्युझिक’. हित कुणाचं तरी असतं: ‘जनतेच्या हितासाठी’, ‘इन द इंटरेस्ट ऑफ द पब्लिक’. म्हणजे आपले ‘-वर’, ‘-त’ आणि ‘-चा’ हे प्रत्यय जे काम करतात तेच तिथे ‘ऑन’, ‘इन’ आणि ‘ऑफ’ करतात. माझ्या मसुद्यात ‘इंटरेस्ट इन प्रॉपर्टी’ होतं. ते व्याज नव्हतंच. शब्द ओळखीचा वाटला म्हणून त्याच्या शेजारचं अक्षर मी वाचलंच नाही.

पण एवढ्यावर विसंबू नका, कारण ‘इन’ दोन ठिकाणी येतं. ‘ही हॅज ॲन इंटरेस्ट इन द शॉप’ या वाक्याचा अर्थ त्याला त्या दुकानाबद्दल आस्था आहे असाही होतो आणि त्याची त्या दुकानात भागीदारी आहे असाही होतो. तिथे आजूबाजूची क्रियापदं पाहावी लागतात. ‘टेक’, ‘शो’, ‘लूज’ यांच्याबरोबर आला तर तो मनातला रस. ‘होल्ड’, ‘ॲक्वायर’, ‘ट्रान्स्फर’, ‘सेल’ यांच्याबरोबर आला तर तो हक्क किंवा हिस्सा. ‘कंट्रोलिंग इंटरेस्ट’ म्हणजे कंपनीवर ताबा राहील इतका हिस्सा. खरेदीखतात ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट’ असं त्रिकूट येतं, त्याला मराठीत ‘हक्क, मालकी व हितसंबंध’ म्हणता येतं. तिथे व्याज लिहिलं तर अख्खा दस्त बिघडतो.

आता एकवचन-अनेकवचन. नवी मुलं इथे फार घसरतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण मराठीत ‘व्याज’ आणि ‘रस’ यांचं अनेकवचन करण्याची वेळच येत नाही. व्याजाच्या अर्थी ‘इंटरेस्ट’ कधीही मोजलं जात नाही. ‘द बँक पेज इंटरेस्ट’ बरोबर. ‘ॲन इंटरेस्ट’ नाही आणि ‘इंटरेस्ट्स’ही नाही. दर सांगायचा असेल तर ‘ॲट 8 परसेंट इंटरेस्ट’. ‘ॲन इंटरेस्ट रेट’ म्हणताना जो ‘ॲन’ येतो तो रेटचा. हिश्श्याच्या अर्थी मात्र तो मोजता येतो, म्हणून कलम 58 मध्ये ‘ॲन इंटरेस्ट’ आहे. तो ‘ॲन’ दिसला असता तरीही मी थांबायला हवं होतं! हिताच्या अर्थी बहुधा अनेकवचन येतं: ‘टू प्रोटेक्ट द इंटरेस्ट्स ऑफ डिपॉझिटर्स’, ठेवीदारांच्या हिताचं रक्षण. आवडीच्या अर्थी दोन्ही चालतं: ‘शी लॉस्ट इंटरेस्ट’ला आर्टिकल नाही, पण ‘शी टूक ॲन इंटरेस्ट इन गार्डनिंग’ला आहे. याला नियम शोधत बसू नका; ‘टेक ॲन इंटरेस्ट इन’ हे चार शब्द एका दमात पाठ करा.

एकाच शब्दात व्याजही आणि आस्थाही कशी, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. ‘इंटरएस्से’ म्हणजे मध्ये असणे, त्यावरून फरक पडणे, महत्त्वाचे असणे. मध्ययुगीन युरोपात चर्चने कर्जावर सावकारी नफा घ्यायला मनाई केली होती. पण कर्जदाराने वेळेवर पैसे परत केले नाहीत, तर त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई घेता येई, आणि त्या भरपाईला हे नाव होतं. सावकाराला पैसे वेळेवर मिळाले असते तर काय असतं आणि आता काय आहे, या दोहोंमधला फरक. पुढे तेच नाव सरळ व्याजाला चिकटलं. इंग्लंडमध्ये 1545 च्या कायद्याने 10 टक्क्यांपर्यंत व्याज घ्यायला मुभा दिली. आपल्याला ज्याने फरक पडतो ते आपलं हित, ज्याच्याकडे मन ओढ घेतं तो आपला रस. विम्यातला ‘इन्शुरेबल इंटरेस्ट’ही इथेच बसतो: ज्या वस्तूच्या नुकसानीने तुमच्या खिशाला फरक पडणार नाही, तिचा विमा तुम्हाला उतरवता येत नाही.

आणि आपला ‘व्याज’ तरी कुठे एका अर्थाचा आहे? ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे बिनव्याजी प्रेम नव्हे. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, बहाणा, कपट. म्हणून व्याजस्तुती म्हणजे वरून एक आणि आतून दुसरंच सांगणारी स्तुती, आणि निर्व्याज म्हणजे निष्कपट. ‘निर्व्याज कर्ज’ असं आपण लिहीत नाही, ‘बिनव्याजी कर्ज’ लिहितो, आणि ते कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीतल्या शब्दांशी हीच जवळीक सरावाने येते. आमच्या शेजारच्या गुजराती काकी नातवाला उचलून घेताना म्हणायच्या, “मूडी करतां व्याज वहालुं”, मुदलापेक्षा व्याज लाडकं. आपण त्याच जागी दुधावरची साय म्हणतो. इंग्रजीत व्याजाला ही माया नाही. तिथे ‘रिटर्न समथिंग विथ इंटरेस्ट’ म्हणजे सव्याज परतफेड, आणि ती बहुतेकदा टोल्याची किंवा अपमानाची असते. तेव्हा म्हण एका भाषेतून दुसरीत उचलून नेऊ नका.

कोर्टाच्या कागदांत या शब्दाची दोन भावंडं भेटतील. ‘इंटरेस्टेड विटनेस’ म्हणजे उत्सुक साक्षीदार नाही. निकालात ज्याचा स्वतःचा काही लाभ आहे असा, हितसंबंधी साक्षीदार. दुसरा शब्द ‘डिसइंटरेस्टेड’. रस नसलेल्याला ‘अनइंटरेस्टेड’ म्हणतात. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा हितसंबंध नाही असा, त्रयस्थ, निःपक्ष. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावेत, अनइंटरेस्टेड नसावेत. आजकाल इंग्रजी बोलणारेही हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात, पण कायद्याच्या कागदात तुम्ही मिसळू नका. तिथे एखाद्या माणसाच्या सचोटीचा प्रश्न असतो.

नोकरीच्या अर्जाबद्दल थोडं. आपण घरी सहज म्हणतो, “मला त्यात इंटरेस्ट नाही.” त्याचं इंग्रजी करताना ‘आय ॲम नॉट इंटरेस्टिंग’ निघून जातं, म्हणजे मी कंटाळवाणी आहे. ‘इंटरेस्टिंग’ ती गोष्ट, ‘इंटरेस्टेड’ आपण. ‘आय ॲम हॅविंग इंटरेस्ट टू लर्न’ हेही आपल्याकडे फार ऐकू येतं. ‘आय ॲम इंटरेस्टेड इन लर्निंग’ म्हणा. बायोडेटात छंदांच्या मथळ्यासाठी ‘इंटरेस्ट्स’ हे अनेकवचन बरोबर आहे. उच्चारात जोर पहिल्या ‘इन’वर, आणि मधल्या ‘ट’नंतरचा स्वर जवळजवळ गिळून ‘इन्-ट्रस्ट’. आपण ‘रेस्ट’वर जोर देतो तो काढून टाका.

मी हे सगळं एका वहीत केलं. पान उभं दुमडायचं, डावीकडे कागदात आलेलं पूर्ण वाक्य, उजवीकडे ते वाक्य मराठीत आणि गुजरातीत. सुटा शब्द आणि समोर अर्थ अशी यादी करू नका; तशाच यादीत माझ्याकडे ‘इंटरेस्ट = व्याज’ होतं. घरात कुणी कर्ज घेतलेलं असेल तर त्याचं मंजुरीपत्र आणि गहाणखत मागून घ्या आणि पेन्सिलीने प्रत्येक ‘इंटरेस्ट’भोवती गोल काढा. मग त्याच्या आधीचं आर्टिकल आणि नंतरचं ‘ऑन’, ‘इन’ किंवा ‘ऑफ’ यांखाली रेघ मारा. मंजुरीपत्रात बहुतेक सगळे गोल व्याजाचे निघतील, गहाणखतात दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात शेजारीशेजारी बसलेले सापडतील. तिथे दोन्ही नीट वेगळे करता आले की पुढचा शब्द घ्या: ‘कन्सिडरेशन’. खरेदीखतात तो विचार नसतो, मोबदला असतो.