मोबाइलवरचं क्रिकेट: जोर नको, टायमिंग शिका

मोबाइलवर पहिल्यांदाच क्रिकेट खेळायला बसलेला माणूस लगेच ओळखू येतो. दात-ओठ खात प्रत्येक चेंडूवर तो अंगठा असा फिरवतो, की काचेवर ओरखडा उठावा. आणि तिसऱ्या-चौथ्या चेंडूला दांडी गुल! बहुतेक गेममध्ये स्क्रीनला तुमचा जोर कळत नाही. बोट कुठल्या दिशेला गेलं आणि नेमकं कधी गेलं, एवढंच तिला समजतं. त्यातही ‘कधी’ला जास्त मार्क आहेत. टायमिंग जमलं तर चुकीच्या दिशेचा फटकाही दोन धावा देऊन जातो.

पुढचं सगळं साध्या अँड्रॉइड फोनला धरून सांगतोय. आयफोनचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगेन.

गेम निवडताना

मोबाइल क्रिकेटमध्ये आपल्याच कंपन्या पुढे आहेत. ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’, म्हणजे पोरांच्या तोंडी डब्ल्यूसीसी, चेन्नईच्या नेक्स्ट वेव्ह मल्टिमीडियाचा. ‘रिअल क्रिकेट’ पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचा; २०२५ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने, म्हणजे बीजीएमआय (‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा गोळीबाराचा गेम) काढणाऱ्यांनी, नॉटिलसमधला मोठा हिस्सा विकत घेतला. ‘सचिन सागा’ही पुण्याचाच, जेटसिंथेसिसचा, २०१७ मध्ये आलेला. बाहेरच्या बड्या कंपन्यांना क्रिकेटमध्ये फारसा रस उरला नव्हता. ईए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने तर ‘क्रिकेट ०७’नंतर कॉम्प्युटरसाठी क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही, आणि सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून तो खेळलेली पिढी अजूनही त्याच्याच आठवणी काढते.

फोन जुना आणि रॅम कमी असेल तर डब्ल्यूसीसी २ घ्या. गेम २०१५ चा आहे, साध्या फोनवरही बरा चालतो. फोन दमदार असेल आणि खेळाडूंच्या हालचाली खऱ्यासारख्या हव्या असतील तर डब्ल्यूसीसी ३ किंवा रिअल क्रिकेट २४. लोकल येईपर्यंतची पाच मिनिटं घालवायची असतील तर स्टिक क्रिकेटसारखा डावं-उजवं बटण दाबायचा गेम पुरतो. त्याला हा लेखही वाचायची गरज नाही.

इन्स्टॉल करण्याआधी प्ले स्टोअरवर दोन गोष्टी बघा. परीक्षणं ‘सर्वात नवीन’ या क्रमाने लावून वाचा, कारण दोन वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या अपडेटबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि दिलेल्या आकारावर विसंबू नका. बरेच गेम पहिल्यांदा उघडले की आतून आणखी डेटा उतरवून घेतात, तेव्हा ते काम वायफायवरच उरका. फोनमध्ये थोडी जागा मोकळी ठेवा, नाहीतर गेम उतरतो आणि अपडेटच्या वेळी अडतो.

काही गेममध्ये ओळखीच्या खेळाडूंची नावं किंचित मोडलेली दिसतील. खेळाडूंची नावं आणि चेहरे वापरायला परवाना लागतो, आणि तो स्वस्त नसतो. संघात जाऊन नावं दुरुस्त करायची सोय असेल तर पहिल्याच दिवशी ते करून टाका. चुकीच्या नावाचा माणूस शतक ठोकतो तेव्हा मजा निम्मी होते.

‘अनलिमिटेड कॉइन्स’वाली मॉड एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारी, गेममध्ये फेरफार केलेली फाइल, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर घेऊ नका. गेमचं खातं बंद होईल हा त्यातला छोटा धोका. कुणी उघडून, काय काय घालून परत बांधलेली ती फाइल तुमच्या बँकेचे मेसेज येतात त्याच फोनमध्ये जाऊन बसते, हा मोठा.

खेळण्याआधी खरेदीला कुलूप

गेम फुकट असतो. आतली बॅट, किट, खेळाडूंची पाकिटं फुकट नसतात. घरात लहान मूल असेल तर हे काम गेम उघडण्याआधी करा. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टॅप करा, सेटिंग्जमध्ये जा आणि खरेदीच्या पडताळणीचा पर्याय शोधून ‘प्रत्येक वेळी’वर ठेवा. शब्द आवृत्तीनुसार थोडे बदलतात, पण पर्याय तिथेच सापडतो. आता दर खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल. पोराचं बोट त्या फोनच्या ठशांमध्ये नोंदवलेलं असेल तर मात्र या सगळ्याचा उपयोग शून्य.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन टाइम’ उघडा. तिथे आशय आणि गोपनीयतेच्या निर्बंधांत ॲपमधली खरेदी सरळ बंद करता येते.

तरीही पैसे गेलेच, तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागा. मिळेलच असं नाही, पण उशीर केला तर शक्यता आणखी घटते.

फोन तयार करा

बॅटरी सेव्हर बंद करा. तो चालू असला की फोन स्वतःहून मंद होतो, चेंडू झटके खात येतो आणि दोष तुमच्या बॅटिंगला लागतो. गेमच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स मध्यमवर आणा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, मिळेल तेवढा वर ठेवा. प्रेक्षकांचे चेहरे धूसर दिसले तरी चालेल, चेंडू सलग दिसला पाहिजे.

फोन आडवा धरला की तुमचा उजवा अंगठा स्क्रीनच्या अगदी कडेला येतो. बरेचसे अँड्रॉइड फोन कडेपासून आत ओढलेलं बोट ‘बॅक’ समजतात. म्हणजे तुम्ही ऑनसाइडला फ्लिक मारायला जाता आणि गेम विचारतो, ‘मॅच सोडायची का?’ उपाय दोन: फोनमधला गेम मोड चालू करा, त्यात कडेचे इशारे बऱ्याचदा थांबवता येतात; नाहीतर नेव्हिगेशन जुन्या तीन बटणांवर न्या. त्याच गेम मोडमध्ये येणारे फोन आणि नोटिफिकेशनही दाबून ठेवता येतात.

ब्लूटूथचे इअरफोन काढून ठेवा. त्यात आवाज क्षणभर मागे पडतो, आणि टप्प्याच्या किंवा बॅटच्या आवाजावर अंदाज बांधायची सवय लागली तर हात चुकतो. मुंबई-कोकणच्या दमटपणात अंगठ्याचा घाम हाही खरा शत्रू. ओला अंगठा काचेवर अडखळतो आणि अर्धा स्वाइप नोंदलाच जात नाही. मांडीवर जुना सुती रुमाल ठेवा, दर ओव्हरला बोट पुसा.

बॅटिंग

थेट विश्वचषकात उडी घेऊ नका. सराव किंवा नेट्स असेल तर तिथे जा. नसेल तर सोप्या लेव्हलवर पाच षटकांची मॅच लावा. दोन षटकांच्या मॅचमध्ये प्रत्येक चेंडू उचलून मारावासा वाटतो, शिकणं होत नाही.

पहिल्या दोन षटकांत धावा विसरा. प्रत्येक चेंडू जमिनीलगत, सरळ खेळा. लॉफ्टेडचं, म्हणजे हवेतून मारायचं बटण बंद. चेंडू खेळून झाला की बरेच गेम ‘लवकर’, ‘उशिरा’ किंवा ‘अचूक’ अशा अर्थाचा शब्द क्षणभर दाखवतात. नवखे तो शब्द वाचतच नाहीत, चेंडू कुठे गेला ते बघत बसतात. तुम्ही उलट करा. सलग चार वेळा ‘लवकर’ आलं की अंगठा थोडा थांबवा, एवढाच धडा.

आता एक चेंडू सावकाश बघू. वेगवान गोलंदाज धावत येतोय. नजर त्याच्या हातावर असते आणि हात फिरला की अंगठा आपोआप सुटतो. बहुतेकांचं इथेच चुकतं. चेंडू सुटल्यावर नजर खेळपट्टीवर आणा. सोप्या लेव्हलवर टप्प्याची खूण आधीच दिसते. ती ऑफ स्टंपच्या बाहेर, जराशी पुढे आहे? मग कव्हर ड्राइव्ह. अंगठा काचेला टेकवून ठेवू नका, किंचित वर तोलून धरा. चेंडू टप्पा पडून वर येऊ लागला की स्वाइप. बॅट खाली यायलाही क्षणभर लागतो, त्यामुळे चेंडू बॅटजवळ पोहोचेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच.

फिरकीला हेच गणित ताणायचं. चेंडू हवेत रेंगाळतो, मन म्हणतं मार, आणि तुम्ही अर्धा सेकंद आधीच बॅट फिरवून मोकळे होता. फिरकीवर टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळला ते बघूनच दिशा ठरवा. गोलंदाज बदलला की त्याचा प्रकार पडद्यावर लिहून येतो; तो न वाचता पुढचा चेंडू खेळू नका.

फटका निवडायला सुरुवातीला एवढं पुरे: पुढे पडलेला चेंडू सरळ किंवा कव्हरमधून, आखूड चेंडू पुल किंवा कट, आणि अंगावर येणारा लेगला ढकला. डावखुरा फलंदाज आला की दिशा उलट होतात. आपला अंगठा मात्र जुन्याच सवयीने जातो, म्हणून त्याचे पहिले तीन-चार चेंडू नुसते अडवा. षटकार मारण्याआधी कोपऱ्यातला क्षेत्ररक्षणाचा छोटा नकाशा बघा. सीमारेषेवर जिथे ठिपका नाही, तिथेच हवेतून.

धावा पळतानाही घाई नडते. क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलायच्या आत दुसऱ्या धावेचं बटण दाबलं की परत फिरता येईलच असं नाही. शंका आली की एकावर थांबा.

बोलिंग

बोलिंगला फारसं कौशल्य लागत नाही, चलाखी लागते. बऱ्याच गेममध्ये टप्प्याची खूण सरकवायची आणि मग स्क्रीनवरच्या पट्टीत सरकणारा काटा हिरव्या भागात थांबवायचा. काटा त्याच्या पुढे गेला तर नो-बॉल होऊ शकतो. संगणकाचा फलंदाज एकाच टप्प्याला लवकर सरावतो, म्हणून सलग दोन चेंडू सारखे टाकू नका. ऑफ स्टंपबाहेर चार, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर, मग एक यॉर्कर, मधेच एक स्लोअर. क्षेत्ररक्षण बोलिंगशी जुळवा: ऑफला टाकायचं आणि माणसं लेगला उभी करायची, हा गल्लीतला जुना रोग इथेही दिसतो.

लेव्हल कधी वाढवायची

पहिली बॅटिंग करून जिंकणं सोपं. पाठलाग करूनही आरामात जिंकायला लागलात की एकच पायरी वर जा. तिथे टप्प्याची खूण पुसट किंवा गायब होईल आणि दोन-तीन दिवस पुन्हा त्रिफळे उडतील. उडू द्या, पण लेव्हल खाली आणू नका. ऑनलाइन माणसांशी खेळायला त्यानंतर जा, आणि तेही स्थिर वायफायवर. नेटवर्क अडखळलं की जमलेलं टायमिंगही वाया जातं. समोरच्याचा संघ विकत घेतलेल्या खेळाडूंमुळे तगडा असू शकतो, तेव्हा हरलात म्हणून लगेच पाकिटं घ्यायला धावू नका. जाहिरात बघून मिळणारी कॉइन्स सुरुवातीला पुरतात.

पैसे लावून पैसे जिंका म्हणणाऱ्या ॲपपासून मात्र पूर्ण लांब राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने असे खेळ बंदीखाली आणले, मग ते स्वतःला कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. फॅन्टसी लीगवाल्यांनी पैशांच्या स्पर्धा तेव्हाच गुंडाळल्या. तरीही कुणी लिंक पाठवून ‘शंभर लावा, हजार घ्या’ म्हणत असेल तर तो क्रिकेटचा गेम नव्हे.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे, पण राहून जातं. गेमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो गूगल खात्याशी किंवा गेम देईल त्या लॉगिनशी जोडा. पाहुणा म्हणून खेळत राहिलात तर फोन बदलताना किंवा रीसेट करताना करिअरची सगळी मेहनत त्याच फोनबरोबर जाते. नव्या फोनवर गेम टाकल्यावर आधी लॉगिन करा, जुना संघ आणि कॉइन्स दिसतात का ते तपासा, आणि मगच जुना फोन पुसून विकायला काढा.